पूर्ववादित क्लॅरिनेटची प्रमाणमीमांसा

१. लक्षण. ज्या वाद्याने एका घराची शांतता यथासांग भंग केली असून दुसऱ्या घरी तेच कार्य करण्याचे सामर्थ्य ज्यात शिल्लक आहे, ते ‘पूर्ववादित’ होय. त्यातही देह प्लास्टिकचा नसून ग्रेनाडिला लाकडाचा, पण मूल्य व्यावसायिक वाद्याहून अल्प, ते ‘मध्यमश्रेणी’. उदाहरणार्थ, यामाहा ४५० किंवा बुफे ई-११. ग्रेनाडिला हा आफ्रिकी वृक्ष शिसवीच्याच कुळातला. म्हणून कपाटे पारखणाऱ्या वडीलधाऱ्यांचे ‘जड आहे, म्हणजे चांगले असणार’ हे मत येथे ग्राह्य धरतात.

२. प्रमाणे चार.

(अ) प्रत्यक्ष. वरचा सांधा उजेडात धरून तडा शोधावा. तो बहुधा ट्रिलच्या चाव्यांपाशी सापडतो. तडे त्रिविध: दृष्ट, गूढ, म्हणजे पॉलिशखालचा, आणि संस्कारित, म्हणजे पिना ठोकून सांधलेला.

(आ) अनुमान. पॅडची गळती डोळ्यांना दिसत नाही; ती अनुमेय. शोषणपंथी वरच्या सांध्याची छिद्रे बोटांनी मिटून, खालचे तोंड तळव्याने दाबून हवा ओढतात. ओढ टिकली तर पॅड निर्दोष. फूत्कारपंथी हेच फुंकून करतात आणि शोषणपंथीयांच्या हातचे पाणी पीत नाहीत. पत्रपंथी पॅडखाली सिगारेटचा कागद धरून ओढतात. न अडखळता सुटला तर गळती सिद्ध. हा कागद वडिलांदेखत कोठून पैदा करावा, यावरून पंथात फूट आहे.

(इ) उपमान. प्रत्येक स्वर ट्यूनरशी ताडावा. अंगावर ‘एचपी’ असा शिक्का असल्यास वाद्य जुन्या, चढ्या पट्टीचे. ४४० हर्ट्झच्या वृंदात ते आजन्म चढेच राहते.

(ई) शब्द. ‘मुलीने सहाच महिने वाजवलंय हो’ हे विक्रेत्याचे वचन. शब्द प्रमाण ठरण्यास वक्ता आप्त असावा लागतो. विक्रेता आप्त नसतो. आप्त निघालाच, तर घासाघीस करता येत नाही.

३. निर्णय. पूर्वपक्ष: वाद्य विद्यार्थ्यानेच वाजवून पाहावे. उत्तर: स्वर चिरकल्यास दोष पॅडचा की ओठांचा हे ठरत नाही, हेतू अनैकांतिक होतो. विद्यार्थी हा प्रमेय आहे, प्रमाण नव्हे. म्हणून शिक्षकाकडून वाजवून घ्यावे, पॅड बदलण्याचा खर्च किमतीतून वळता करावा. विद्यार्थ्याने तोवर पेटीच्या अस्तराचा रंग पाहावा. तो नापसंत ठरल्यास वरील चारही प्रमाणे बाधित होतात.