जुन्या वर्कस्टेशनला नवा कर्नल

कर्नल हा संगणकाच्या प्रणालीचा गाभा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, कीबोर्ड यांच्याशी थेट व्यवहार फक्त तोच करतो. बाकीचे प्रोग्रॅम त्याच्याकडे अर्ज करतात. तो सुरळीत चालतो तोवर त्याचे नावही कोणाला ठाऊक नसते. बिघडला, की काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत जे काही सांगतो ते इंग्रजीच्या प्राध्यापकालाही कळत नाही. लिनक्सचा कर्नल आपापल्या यंत्राच्या मापाने बेतून घेता येतो. घेतलाच पाहिजे असे मुळीच नाही. न बेतता असंख्य माणसे सुखाने नांदत आहेत, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

मुळात लिनक्स जन्माला आला तो बेतलेलाच. १९९१ साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्डस या विद्यार्थ्याने तो लिहिला, तेव्हा ३८६ प्रोसेसरचे स्वतःचे यंत्र चालावे, एवढीच त्याची धाव होती. कीबोर्ड फिनिश. हार्ड डिस्कसाठी पहिल्या आवृत्तीच्या फायलीत तयार पर्याय दोन: एक लिनसची डिस्क, दुसरी त्याचा मित्र लार्स विर्झेनियस याची. तिसऱ्या माणसाने आपल्या डिस्कचे आकडे आपणच भरायचे. दहा हजार ओळींचा तो कर्नल आज चार कोटी ओळींच्या घरात गेला आहे आणि पर्यायांची संख्या हजारोंत आहे. ज्या ३८६ वर तो जन्मला, त्याच ३८६ ला २०१३ च्या ३.८ या आवृत्तीपासून त्याने घराबाहेर काढले. आपण या बाबतीत हळवे नाही, असे टोरवाल्डसने तेव्हा स्पष्टच सांगितले होते.

रायगड जिल्ह्यातल्या कोलाडमध्ये असे बोलून चालत नाही. तिथे यंत्राबद्दल हळवेपणा असतो, आणि तो वजनाच्या प्रमाणात वाढतो. वर्कस्टेशन म्हणजे एके काळी साध्या पीसीच्या कितीतरी पट किंमत मोजून नकाशे काढण्यासाठी घेतलेला आणि आता किलोवर विकला जाणारा संगणक: एचपीची एक्सडब्ल्यू मालिका, डेलचे प्रिसिजन, आत कोअर टू ड्युओ किंवा जुना झिऑन, ग्राफिक्सला क्वाड्रो कार्ड. रोहा-धाटावच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणच्या कचेऱ्यांतून तो भंगारात निघतो, आणि भंगारवाल्याच्या टेम्पोतून उतरून हायवेवरच्या एखाद्या झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि लग्नपत्रिका करणाऱ्या दुकानात स्थिरावतो. ‘पत्रा बघा कसला आहे!’ ही त्याची पहिली आणि बहुधा शेवटची तांत्रिक तपासणी.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ची चिप आणि बराच अलीकडचा प्रोसेसर लागतो. वर्कस्टेशनकडे नुसता पत्रा आहे. अशा वेळी घरातला लोणेऱ्याला शिकणारा भाचा लिनक्सचे नाव काढतो. लिनक्स बसते, चालते, पत्रिकाही छापल्या जातात. इथे थांबायला हरकत नव्हती. पण भाच्याला कर्नल स्वतः बेतायचा असतो.

‘चालू होता ना?’

‘चालूच आहे मामा, पण त्यात नको ते खूप आहे.’

‘दुकानातही आहे. काढलं का मी?’

मामाचा मुद्दा सहज खोडता येण्यासारखा नाही. डेबियनसारख्या वितरकांनी दिलेल्या कर्नलमध्ये नको ते खूप असते हे खरे, पण त्यातले बहुतेक मॉड्यूल म्हणून डिस्कवर निजलेले असते आणि गरज पडल्याशिवाय मेमरीत येत नाही. जागा अडते ती काही शे एमबी. तेवढी तर दुकानातल्या गणपतीच्या फोटोंचीच होते.

तरीही बेतायचेच ठरले, तर पहिले काम यंत्रात काय काय आहे ते पाहणे. एलएसपीसीआय ही आज्ञा पीसीआयवर बसलेल्या सगळ्या चिपांची यादी देते, आणि तिला ‘के’ची शेपटी जोडली की कोणती चिप सध्या कोणत्या ड्रायव्हरच्या ताब्यात आहे तेही कळते. प्रोसेसरच्या माहितीत ‘एलएम’ ही दोन अक्षरे दिसली तर यंत्र ६४-बिट आहे. नसली तर ते ३२-बिटचे, आणि तिथे प्रश्न हौसेचा राहत नाही: ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२-बिट पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर देणेच बंद केले आहे. २००१ नंतर एमएस-सीआयटीच्या क्लासांनी घेतलेले पेंटियम ४ बहुतांशी या गटात मोडतात.

यादी करण्यापूर्वी कॅबिनेट उघडून आत बघावे. कोकणातल्या चार पावसाळ्यांनंतर रॅमच्या सोनेरी दातांवर थर चढतो. तो शाळकरी खोडरबराने घासला की निम्मे आजार पळतात. फुगलेले कॅपॅसिटर मात्र खोडरबराला दाद देत नाहीत. मुंग्या आणि पाली यांच्यासाठी कर्नलमध्ये पर्याय नाही.

यानंतर मुख्य विधी: मेक मेन्यूकॉन्फिग. निळ्या पडद्यावर मेन्यूमागून मेन्यू उघडत जातो आणि बहुतेक पर्यायांना तीन उत्तरे चालतात. वाय म्हणजे हा भाग कर्नलमध्येच पक्का बसवा. एन म्हणजे नको. एम म्हणजे मॉड्यूल करून बाजूला ठेवा, लागला तर घेऊ. माळ्यावर टीव्हीचा खोका, गिझरची जुनी कॉइल आणि तीन बंद मिक्सर जपणाऱ्या घरातल्या मुलाचे बोट कुठे जाते हे सांगायला नको. टोकन रिंगचे जाळे रायगड जिल्ह्यात कोणी पाहिले नसेल. जुन्या आवृत्तीत तो पर्याय दिसताच एम. फ्लॉपी, एम. जॉयस्टिक, एम, दिवाळीत मावसभाऊ येतात. चार तास बसून भाचा जो कर्नल बेततो तो वितरकाच्या कर्नलची जवळजवळ सहीसही नक्कल निघतो.

या स्वभावावर उतारा म्हणून २००९ अखेरच्या २.६.३२ या आवृत्तीत मेक लोकलमॉडकॉन्फिग आले. ही आज्ञा आत्ता या क्षणी कोणती मॉड्यूल चालू आहेत ते पाहते आणि उरलेली सगळी सरसकट कापते. ती कोणाची भीड ठेवत नाही, आणि तिचा धोकाही तोच. आज्ञा देताना जे जोडलेले नव्हते ते कर्नलच्या लेखी अस्तित्वातच नाही. रविवारी दुकान बंद असताना ती दिली, तर सोमवारी प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचे यंत्र आणि वेबकॅम यांच्यापैकी काय ओळखले जाईल ते सांगता येत नाही. म्हणून आधी दुकानातले यच्चयावत सगळे जोडून, एकेकदा वापरून घ्यावे. मोबाइलसुद्धा. पावसात केबलचे इंटरनेट गेले की यूएसबीने जोडलेला मोबाइलच दुकान चालवतो, आणि त्याला बहुधा आरएनडीआयएस होस्ट नावाचा ड्रायव्हर लागतो. तो ड्रायव्हर राहून गेला, तर मोबाइल का चालत नाही हे शोधायला इंटरनेटही उरत नाही.

पेन ड्राइव्हची गंमत आणखी खोल आहे. त्यावरची व्हीफॅट फाइल प्रणाली निवडून भागत नाही. अक्षरसंचांच्या वेगळ्या मेन्यूत जाऊन कोडपेज ४३७ आणि आयएसओ ८८५९-१ हेही घ्यावे लागतात, नाहीतर ड्राइव्ह दिसतो पण उघडत नाही. यूटीएफ-८ ची सोय राहून गेली तर उघडतो, पण ‘चि. सौ. कां.’ने सुरू होणाऱ्या फायलीचे नाव प्रश्नचिन्हांच्या रांगेत अवतरते. वधूपिता समोर उभा असताना ही रांग दाखवणे बरे दिसत नाही.

प्रोसेसरच्या मेन्यूत ३२-बिटवाल्यांना पेंटियमच्या पिढ्यापिढ्यांचे वेगळे पर्याय मिळतात. आपला निवडावा, त्याच्या पुढचा निवडू नये, कारण मग कर्नल सुरूच न होण्याची शक्यता असते. टायमरचा वेग १००, २५०, ३०० किंवा १००० हर्ट्झ ठेवता येतो. १००० ठेवल्यावर माउस फार चपळ झाल्याचे पुष्कळांना वाटते, वाटू द्यावे. डिस्कसाठी जुना आयडीई ड्रायव्हर शोधण्यात वेळ घालवू नये, तो २०२१ च्या ५.१४ मध्ये काढून टाकला. आता जुन्या आयडीई डिस्काही लिबएटीए सांभाळतो. क्वाड्रोसाठी नूव्हो. नेटवर्कला एचपी आणि डेलच्या पुष्कळ यंत्रांत ब्रॉडकॉमची चिप असते, तिला टीजी३.

एक पर्याय मात्र हात आवरायला लावणारा आहे. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले दोष उघड झाले, आणि त्यांवरचे उपाय कर्नलमध्ये आले. मेल्टडाउनवरच्या उपायात कर्नलची मेमरी प्रोग्रॅमांपासून वेगळी ठेवावी लागते, त्यामुळे ये-जा करताना वेळ जातो. पीसीआयडी ही सोय असलेल्या प्रोसेसरांना तो भार हलका पडतो. कोअर टूमध्ये ती नाही, म्हणून ही जुनी यंत्रे जास्त दमतात. उपाय बंद केले की वेग खरोखर वाढतो. घरी गाणी ऐकण्याच्या यंत्रावर कोणी बंद करील तर त्याची मर्जी. ज्या यंत्रावर गावाची आधार कार्डे, बँकेची पासबुके आणि पीक विम्याचे अर्ज उघडतात, तिथे ते बंद करणे हा शुद्ध आगाऊपणा आहे.

आता सर्वांत प्रसिद्ध चूक. ज्या डिस्कवर सगळी प्रणाली आहे तिचा ड्रायव्हर आणि तिची फाइल प्रणाली, बहुधा एक्सटी४, यांना एम दिला आणि सुरुवातीलाच लागणारे ड्रायव्हर मेमरीत पोचवणारा इनिटरॅमएफएस केला नाही, तर कर्नल उठतो, डिस्क शोधतो, ड्रायव्हर हवा म्हणतो, आणि तो ड्रायव्हर त्याच डिस्कवर असतो. कोलाड स्टेशनवरून १९९९ पासून कोकण रेल्वेची रो-रो सुटते. भरलेले ट्रक रॅम्पवरून थेट वाघिणीवर चढतात. तो रॅम्पच सोडवून एखाद्या ट्रकच्या हौद्यात भरला, तर जी अवस्था होईल ती इथे होते. पडद्यावर ‘कर्नल पॅनिक’ येते, मूळ फाइल प्रणाली लावता आली नाही असे त्यात म्हटलेले असते आणि कंसात शून्य, शून्य. कर्नलने हात वर केले आहेत, एवढाच त्याचा अर्थ. उपाय सोपा: ही दोन्ही वाय करावीत, किंवा इनिटरॅमएफएस बांधून लागणारे ड्रायव्हर आधीच मेमरीत पोचतील असे पाहावे.

बांधणीआधी डीबग माहितीचा पर्याय बंद करावा, नाहीतर डिस्कवरच्या कित्येक जीबी त्यातच जातात. मग मेक. कोअर टूवर छाटलेला कर्नल तासा-दीड तासात होतो, न छाटलेला रात्रभर घेतो, आणि रात्रभर म्हटले की विजेचा विषय निघतो. कोलाडच्या वर भिऱ्याला १९२७ पासून जलविद्युत केंद्र आहे; तिथून सोडलेल्या पाण्यावर कुंडलिकेतले राफ्टिंग चालते आणि मुंबई-पुण्याची माणसे त्या पाण्याची वेळ पाळून येतात. जून-जुलैत वीज पाण्याइतकी वक्तशीर नसते. ती गेली तरी मेक पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत नाही, झालेले सोडून पुढे जातो, हे त्याचे मोठे मन. मात्र वीज गेली त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहून शेवटच्या जोडणीत अडू शकते. तेव्हा मेक क्लीन म्हणावे आणि सगळे नव्याने करावे.

दुसरा विघ्नसंतोषी मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटण सेल. तो संपला की दर वेळी यंत्र २००६ सारख्या कुठल्यातरी जुन्या सालच्या १ जानेवारीला जागे होते. मेक तारखा बघून काम ठरवतो. त्याला सगळा सोर्स कोड भविष्यातला दिसतो, आणि घड्याळ वाकडे आहे, बांधणी अपुरी राहिली असेल, असे तो बजावतो. ब्राउझरही बँकेचे प्रमाणपत्र अजून लागू झालेले नाही म्हणून साइट अडवतो. दोन-दोन दिवस कॉन्फिग फाइल चिवडल्यावर तीस-चाळीस रुपयांचा सेल बदलण्याचे सुचते.

एवढे करून हाती काय लागते? कर्नल थोडा आटोपशीर होतो, सुरू होण्याचे काही सेकंद वाचतात, आणि सुरक्षा दुरुस्ती आली की हे सगळे पुन्हा करण्याची जबाबदारी भाच्याकडे येते. परीक्षा असली तरी. त्याच यंत्रात जुनी फिरती डिस्क काढून साधी एसएसडी बसवली आणि दोन जीबीची रॅम चार केली, तर मामालाही जाणवेल इतका फरक पडतो. शिकण्यासाठी कर्नल जरूर बेतावा. ६४-बिट यंत्राच्या वेगासाठी बेतू नये. ज्यांच्याकडे ३२-बिटचे यंत्र आहे किंवा वितरकाच्या कर्नलमध्ये नसलेले एखादे जुने कार्ड आहे, त्यांचा नाइलाज समजण्यासारखा आहे.

आणि बेतणाऱ्यांना एकच विनंती: नवा कर्नल महिनाभर बिनतक्रार चालला, तरी यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीतला जुना कर्नल पुसू नका.