पिशव्यांची पिशवी

गुहागर तालुक्यातल्या वेळणेश्वरात घरटी एक तरी माणूस असा असतो, की ज्याच्या हातून प्लॅस्टिकची पिशवी टाकवत नाही. बहुधा ती घरातली वडीलधारी बाई असते, क्वचित निवृत्त मास्तर. सोयीसाठी इथे तिला काकू म्हणू. काकू कंजूष नसतात. दारी आलेल्याला शहाळे फोडून देतील, निघताना चार नारळही बांधून देतील. नारळ परत मागणार नाहीत, पिशवी मागतील.

संग्रह स्वयंपाकघराच्या दारामागच्या खुंटीवर असतो. एका जाड पिशवीच्या पोटात बाकीच्या सगळ्या. पिशवी घरात आली की पहिले काम गाठ सोडवण्याचे. दुकानदार निरगाठ मारतो. बाकीचे लोक पिशवी फाडून मोकळे होतात. काकू चष्मा लावतात, ओटीवर उजेडाला बसतात आणि नखाने गाठ सुटी करतात. आतली साखर तोवर थांबते, आणि साखरेची वाट पाहणारा चहाही.

मग प्रतवारी. चिपळूणच्या साडीच्या दुकानातली, दोरीच्या कानांची पिशवी सर्वांत वरची. ती गादीखाली सपाट ठेवतात आणि कधीही वापरत नाहीत. किराणाच्या पिशव्या मधल्या. दुधाच्या धुऊन, कडेने कापून दोरीवर वाळत घालतात. थालीपीठ थापायला आणि फणसाचे पापड लाटायला त्यांच्यासारखे दुसरे काही नाही. शेवटच्या मासळीच्या. त्यांना साबण, लिंबू, ऊन सगळे दाखवून झाले तरी सुकटीचा वास जात नाही, म्हणून त्यांची रवानगी पडवीत. काजूची कलमे बांधताना पट्ट्या लागतात, त्या यांच्यातून निघतात. कलमाला वासाचे वावडे नाही.

घडी ही खरी विद्या. आधी पिशवी झटकायची, म्हणजे कोपऱ्यातली वाळू पडते. किनाऱ्यावरच्या गावात वाळू सगळ्यात सापडते. मग पाटावर पसरून उभ्या दोन घड्या घालायच्या आणि तळहात तळाकडून तोंडाकडे फिरवायचा. उलट फिरवला तर हवा तळाशी अडकते आणि घडी फुगते. तीन बोटे रुंदीची पट्टी झाली की तळाच्या कोपऱ्यापासून त्रिकोणावर त्रिकोण घालत वर जायचे, शेवटी उरलेले कान आत खोचायचे. सुनेने घातलेल्या घड्या काकू तिच्या देखत वाखाणतात आणि ती विहिरीवर गेली की उलगडून पुन्हा घालतात.

या पंथाचा मूळपुरुष मात्र गुहागर तालुक्यातला नाही. कानवाल्या पिशवीचा घाट स्वीडनच्या स्टेन गुस्ताफ थुलीन या अभियंत्याचा. सेलोप्लास्ट या कंपनीला १९६५ मध्ये त्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. पिशवी एकदा वापरून टाकावी, हे थुलीन यांच्या मनातही नव्हते. ते स्वतः एक पिशवी घडी करून खिशात बाळगत, असे त्यांच्या मुलाने सांगितले आहे. घडी त्रिकोणी होती का, याची नोंद नाही. काकूंच्या लेखी हा चौकशीतला मोठाच ढिलेपणा.

संग्रहाचे दिवस म्हणजे पावसाळा. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस झोडपतो तिथे काडेपेटी, पासबुक, मोबाइल, रेशनकार्ड यांतले काहीही उघडे ठेवून चालत नाही. घरात पिशवी शोधायची वेळ कोणावर येत नाही, मागायची येते. मागितल्यावर काकू विचारतात, ‘कशाला हवी?’ उत्तर ऐकून त्या कामाला पुरेल अशी सर्वांत हलकी पिशवी निघते.

२३ मार्च २०१८ रोजी राज्य सरकारने प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला: पहिल्यांदा ५०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० रुपये आणि तीन महिन्यांची कैद. बंदी उत्पादन-विक्रीपुरती नव्हती. वापराबरोबर साठवणही त्या यादीत होती. ओटीवर पेपर मोठ्याने वाचला गेला तेव्हा सगळ्यांच्या नजरा दारामागच्या खुंटीकडे वळल्या. काकूंनी एवढेच विचारले, ‘म्हणजे आता नवीन मिळणार नाहीत?’ आणि दुसऱ्या दिवसापासून किराणाची पिशवीही गादीखाली गेली.

गणपतीत मुंबईचे चाकरमानी येतात, तेव्हा या विषयावर दरवर्षी तोच संवाद होतो. डोंबिवलीचा पुतण्या खुंटीपाशी उभा राहून म्हणतो, ‘काकू, हा सगळा कचरा टाकून देऊ का?’ ‘टाक हो, खुशाल टाक. परत जाताना आमसुलं हातात धरून ने.’ निघायच्या दिवशी आमसुले दोन पिशव्यांत, कुळथाचे पीठ तीन पिशव्यांत जाते, आणि एसटी सुटेपर्यंत खिडकीतून बजावणे चालू असते, की बाहेरची पिशवी जपून ठेव, मेमध्ये येताना घेऊन ये. पुतण्या ती आणतोही. रिकामी नाही, त्यात आणखी सहा पिशव्या असतात.

एवढे होऊनही संग्रह अक्षय नसतो. पातळ पिशवीला भंगारवाला हात लावत नाही, पण ऊन तिला सोडत नाही. अतिनील किरणांनी प्लॅस्टिकच्या साखळ्या तुटतात. खडूची भुकटी मिसळलेली स्वस्त पिशवी तर लवकरच कुरकुरीत होते. वर्षानुवर्षे जपलेला त्रिकोण एखाद्या दिवशी उलगडावा, तर हातात पांढरे कपटे येतात. काकू ते सुपलीत गोळा करतात, उजेडाकडे धरून बघतात आणि निकाल देतात, ‘हल्लीच्या मालात दमच नाही.’ पिशवी वापरायला उशीर झाला असेल, ही शंका घरात कोणी बोलून दाखवत नाही.