समुद्रसपाटीला, बरं का!

तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रातून किंवा पाषाणच्या रासायनिक प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला शास्त्रज्ञ दोनांपैकी एक काहीतरी करतो. सोसायटीचा सेक्रेटरी होतो, नाही तर मुलांसाठी विज्ञानाची पुस्तकं लिहायला घेतो. सोसायटीच्या दृष्टीने दुसरं बरं.

आपले सर दुसऱ्या गटातले. जन्मभर त्यांनी शोधनिबंध लिहिले आणि ते मोजक्याच मंडळींनी, तेही नाइलाजाने, वाचले. आता वाचक दहा वर्षांचा. हा परीक्षकाहून कडक. पटलं नाही तर शेरा न मारता पुस्तक मिटतो आणि खेळायला जातो.

पहिल्या पुस्तकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. पण सरांचं पेन पूर्णविरामापाशी अडतं. 'समुद्रसपाटीला' हे लिहायला नको? पुणं साडेपाचशे मीटर उंचावर, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. महाबळेश्वरला तर ९५-९६ अंशांनाच. शिवाय त्यात मीठ नसावं. शिवाय त्या दिवशीचा हवेचा दाब! संध्याकाळपर्यंत वाक्य अकरा ओळींचं होतं आणि पाणी काही उकळत नाही.

प्रकाशक सुचवतात, "सर, जरा गोष्टीरूप करा ना." मग बंडू येतो, चिंगी येते आणि पाठोपाठ मामा येतो. हा मामा दिवाळीच्या सुट्टीत उगवतो, किल्ला करायला निघालेल्या पोरांना गच्चीवर नेतो आणि सलग तीन पानं बोलतो. बंडूच्या वाट्याला एकच वाक्य : "मग काय झालं, मामा?" हस्तलिखित वाचून सरांची नात विचारते, "आजोबा, यांना कुणी जेवायला हाक मारत नाही का?"

२८ फेब्रुवारी हा सरांचा पोळा. १९२८मध्ये याच तारखेला रामन यांचा शोध जाहीर झाला आणि १९८७पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. त्यामुळे गावातल्या झाडून सगळ्या शाळांना त्याच सकाळी प्रमुख पाहुणा हवा असतो. सर इस्त्रीचा सदरा घालून निघतात. पिशवीत काडेपेट्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे. काड्या जोडून त्रिकोण-चौकोन करायची ही युक्ती आयआयटी कानपूरमधून इंजिनियर झालेल्या अरविंद गुप्तांची. गुप्तांच्या हातात ती चुटकीसरशी जमते. सर आधी काड्यांवरचा गूल काढा, असं दहा मिनिटं बजावतात.

नारळीकरांचा किस्सा तर हवाच. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली आणि पहिलं बक्षीस मिळालं. सर हे अशा थाटात सांगतात, की कथा टपालात टाकायला तेच गेले होते.

शेवटी प्रश्नोत्तरं. आकाश निळं का, हे सर सांगतात : हवेतले रेणू कमी तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतात. मागच्या बाकावरून एक मुलगी उठते. "सर, मग जांभळ्याची तरंगलांबी तर आणखी कमी. आकाश जांभळं का नाही?"

सरांचा चेहरा खुलतो. सूर्यप्रकाशात जांभळा मुळात कमी, त्यातला काही वरच्या वातावरणातच शोषला जातो, आणि आपल्या डोळ्यालाही तो कमी दिसतो... खडू हातात येतो, फळ्यावर आलेख चढतो. मुख्याध्यापिका घड्याळाकडे बघून खाकरतात.

"पुढचा तास कुणाचा?" सर विचारतात.

"पीटीचा!" अख्खा वर्ग ओरडतो.

"छान. मग तो मीच घेतो."

चेहरे पडतात. मागच्या बाकावरची मुलगी मात्र वही उचलून पहिल्या बाकावर येते आणि शेजारणीला म्हणते, "सरक."