सरपंच घरी जातो, आमदार नाही

कर्जत-खालापुरातल्या एखाद्या गावाने थेट निवडलेल्या सरपंचाने विश्वास गमावला, तर गावाच्या हाती उपाय आहे. निवडीला दोन वर्षं झाली की तीन-चतुर्थांश सदस्यांनी अविश्वास ठराव मंजूर करायचा, ग्रामसभेने गुप्त मतदानाने त्यावर शिक्कामोर्तब करायचं, सरपंच पायउतार. तोच मतदार आमदार निवडतो तेव्हा मात्र पाच वर्षं हात बांधून बसतो.

२०१९ मध्ये कर्जतमध्ये शिवसेनेच्या महेंद्र थोरवे यांनी राष्ट्रवादीच्या सुरेश लाड यांना हरवलं. महिन्याभरानंतर सेना त्याच राष्ट्रवादीबरोबर सत्तेत बसली. मतदाराला कुणी विचारलं? जून २०२२ मध्ये थोरवे सेनेतून फुटलेल्या एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले. महाडचे भरत गोगावले आणि अलिबागचे महेंद्र दळवीही. रायगडातले सेनेचे तिन्ही आमदार गेले, आणि तेव्हाही मतदाराला कुणी विचारलं नाही. थोरवे २०२४ मध्ये पुन्हा निवडून आले हे खरं, पण तो कौल मागायला जवळजवळ अडीच वर्षं लागली.

पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून घटनेच्या दहाव्या परिशिष्टात आहे. तो आमदाराला पक्षाशी बांधतो, मतदाराशी नाही. शिवाय अपात्रतेचा निकाल देणार विधानसभा अध्यक्ष, म्हणजे बहुधा सत्ताधारी पक्षाचाच माणूस, आणि कायद्यात त्यासाठी मुदत नाही. शिवसेनेच्या याचिकांवर १० जानेवारी २०२४ ला निकाल लागला, तोही सर्वोच्च न्यायालयाने तारीख घालून दिली म्हणून. अपात्र कुणीच ठरलं नाही. हे काम अध्यक्षांकडून काढून कायमस्वरूपी न्यायाधिकरणाकडे द्यावं, त्यासाठी संसदेने घटनादुरुस्तीचा विचार करावा, असं याच न्यायालयाने मणिपूरच्या अशाच एका प्रकरणात जानेवारी २०२० मध्येच सुचवलं होतं. संसद ढिम्म हलली नाही.

सरपंचाचा कायदा राज्याच्या विधिमंडळाने केला. घटना बदलणं त्याच्या हातात नाही, ते संसदेचं काम. कर्जत-खालापूर ज्या मावळ मतदारसंघात येतं, तिथले खासदार श्रीरंग बारणे हेही २०२२ मध्ये शिंदे यांच्याकडे गेले. म्हणूनच घटनादुरुस्तीची मागणी त्यांच्याकडेच करायला हवी.

येत्या ग्रामसभेत ठराव मांडा: पक्ष सोडणाऱ्याने राजीनामा देऊन पुन्हा मतं मागावीत, आणि अपात्रतेचा निकाल स्वतंत्र न्यायाधिकरणाने तीन महिन्यांत द्यावा. ठरावाची प्रत खासदारांच्या कार्यालयात द्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.