मासा राजी असेल तर

इंग्लंडमधल्या हॅम्पशर परगण्यात गेलात तर स्टॉकब्रिजच्या मुख्य रस्त्यावरच्या पुलावरून खाली जरूर डोकवा. टेस्ट नदीचे पाणी खडूच्या खडकातून गाळून येते. ते इतके नितळ की ट्राउटच्या अंगावरचे ठिपके मोजावेत. मोजावेत आणि पुढे चालू लागावे. कारण मासा दिसण्याच्या आणि गळाला लागण्याच्या मध्ये सरकारी परवाना, काठाच्या मालकाची मर्जी, बऱ्या जागेचे दिवसाला शेकडो पाउंड आणि शेवटी माशाची स्वतःची इच्छा एवढे अडथळे असतात. गांडूळ लावणे हा तर शुद्ध गावंढळपणा. पिसे-दोऱ्याची खोटी माशी पाण्यावर तरंगत ठेवायची, तीही वर येऊन खाणाऱ्या माशापुढेच, हा दंडक फ्रेडरिक हॅलफर्डने १८८६ च्या पुस्तकापासून रुजवला. माशी थोडी बुडाली तर बिघडले काय, असे स्क्यूझ नावाच्या वकिलाने १९१० मध्ये सुचवले. त्यावर १९३८ मध्ये लंडनच्या क्लबात रीतसर वादसभा भरली. त्या वर्षी युरोपात इतरही काही वाद चालू होते.

एवढे करून धरलेला मासा पुष्कळदा परत सोडतात. मग कालवणाचे काय, असे मालवणी माणूस विचारणारच. माझे म्हणणे असे, की या खुळापायी मासा नाही तरी नदी राखली जाते. हे श्रीमंतांचे चोचले आहेत, हा आक्षेप खराच. तिथला हॉटन क्लब १८२२ पासून मोजक्याच सभासदांचा आहे. पण इतके पैसे मोजून गुडघाभर पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसाला सांडपाण्याचा वास सगळ्यांच्या आधी येतो, आणि बोंब मारायची ऐपतही त्याच्यापाशी असते. टेस्टमधले पुष्कळ ट्राउट पैदास करून सोडलेले असतात, हेही कबूल. पण त्यांना जगायला पाणी स्वच्छच लागते. शेजारच्या रानातल्या फेझंटपुढे मात्र माझा युक्तिवाद लंगडा पडतो. कोंबड्यांसारखे वाढवलेले हे पक्षी रानात सोडायचे आणि १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी रांगेत उभे राहून टिपायचे, याला शिकार म्हणणे जड जाते. पाणमांजर तर विनापरवाना मासे खाई, म्हणून १९७८ पर्यंत त्याच्यामागे कुत्री सोडत.

गळ टाकायचाच असेल तर मेच्या अखेरीस जा. तेव्हा मेफ्लायचे थवे उठतात, मासे खाण्याच्या नादात सावधपणा विसरतात आणि नवख्यालाही यश येते. दर त्याच पंधरवड्यात सर्वांत चढे असतात.