जाळू नये असं सरपण

युरोपातल्या माणसाला थंडी वाजली की तो घर तापवतो. आपल्याला वाजली की आपण पाणी तापवतो. तिकडे भिंती, छत, पलंगाखालची जागा, कुणी न बसलेल्या खुर्च्या या सगळ्यांना आधी ऊब द्यायची आणि उरलेली आपण घ्यायची, असा मोठ्या मनाचा कारभार. आपला व्यवहार रोखीचा. बादलीभर कढत पाणी, त्यात बेताचं विसण, आणि न्हाऊन बाहेर आलेला माणूस पुढचे दोन तास स्वतःच्याच उबेवर चालतो. घर गार राहिलं तर राहू दे. घराला कुठं कामावर जायचंय?

अर्थात याला अपवाद आहे. निफाडकडे पारा फारच खाली आला की द्राक्षबागांमध्ये रात्री शेकोट्या पेटतात. घडांना गारठा बाधू नये म्हणून बागाईतदार वेलींच्या ओळींमधून धग आणि धूर करत फिरतो, आणि स्वतः मात्र कानाला मफलर गुंडाळून कुडकुडत असतो. मराठी माणूस ऊब देतो तेव्हा ती अशी, निर्यातीच्या मालाला.

बाकी आपल्याकडे सरपणाचा हंगाम सुरू होतो तो न्हाणीघराच्या दाराशी, बंबापाशी; आणि तोही थर्मामीटर न बघता, कॅलेंडर बघून. नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान ठरलेलं. ऑक्टोबरचा उकाडा अजून मानेवर बसलेला असला, पंखा फिरत असला, तरी बंब माळ्यावरून खाली यायचाच. त्याला चिंच आणि राख लावून घासायचं, आदल्या संध्याकाळी पाणी भरायचं, गळ्यात झेंडूची माळ घालायची. गोव्यात हाच मान न्हाणीतल्या भाणाला. आमच्या गच्चीवर सोलर आहे, चांगलं चालतंही. पण सूर्य उगवायच्या आत करायच्या आंघोळीसाठी सूर्याकडूनच आदल्या दिवशी उष्णता उसनी आणायची, हे आमच्या आईला पटत नाही. "सणाच्या दिवशी तरी उधारी नको," म्हणते.

ज्यांनी बंब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तांब्याचं उभं पिंप, त्याच्या पोटातून आरपार गेलेला नळा, नळ्याच्या तळाशी जाळी. सरपण वरून सोडायचं, राख खाली पडते, आणि विस्तवाच्या चहूबाजूंनी पाणी. खालच्या अंगाला तोटी. चूल निम्मी उष्णता अंगणाला वाटून टाकते. बंबात विस्तवच पाण्याच्या गराड्यात सापडलेला असल्यामुळे त्याला पळायला एक धुराड्याची वाट सोडली तर दुसरी नसते. रशियातला समोवार आणि काश्मिरातला समावार याच बांधणीचे. त्यांच्यातून चहा निघतो, आमच्यातून माणसं निघतात, एवढाच फरक. पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी अशा भांड्यांच्या ठोक्यांनी गाजत असे. आता बंबाबद्दल हळवं होऊन बोलणारे खूप भेटतात. मी पाहिलंय, यातले बहुतेक जण लहानपणी उशिरा उठणारे. पहाटे उठून, धूर डोळ्यांत घेऊन ज्यांनी तो रोज पेटवला, त्या बायका गीझर आला तेव्हा एक शब्दही हळवा बोलल्या नाहीत.

नळ्याचं तोंड लहान, म्हणून बंबाला ओंडके चालत नाहीत. वखारीत त्यासाठी वेगळं फोडलेलं लाकूड मिळतं, त्याला बंबफोड म्हणतात. बाकी बंबाला खाण्याचे चोचले नाहीत. कोकणात त्याला नारळाची सोडणं चालतात, विदर्भात कपाशीच्या पऱ्हाट्या, मराठवाड्यात तुरकाट्या, कोल्हापूरकडे उसाची चिपाडं, सुताराच्या दाराशी असेल तर ढलप्या, आणि कुठंही असला तरी करवंट्या. दाणे काढलेली मक्याची कणसं तर तो अशी खातो की आपल्यालाही भूक लागावी.

निवडीचे चोचले आहेत ते माणसाला. नॉर्वेचंच बघा. तिथं लार्स मिटिंग नावाच्या लेखकानं 2011 मध्ये सरपण कसं तोडावं, फोडावं, रचावं यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं आणि ते धो धो खपलं. मग 2013 च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीनं सरपणावर बारा तासांचा कार्यक्रम केला. त्यात बराच वेळ नुसती एक शेकोटी जळत होती, आणि लोक बघत होते. कार्यक्रम चालू असताना तक्रारीही आल्या. निम्म्या लोकांचं म्हणणं, लाकडं रचताना साल वर ठेवली, हे चूक. उरलेल्या निम्म्यांचं म्हणणं, साल खाली ठेवली, हे चूक. हे वाचल्यापासून नॉर्वे मला परदेश वाटत नाही. आमच्या आळीतच आहे कुठंतरी.

खरं म्हणजे लाकडाचं शास्त्र फार सोपं आहे. पुरतं वाळलेलं असेल तर कुठलंही लाकूड किलोमागे जवळजवळ सारखीच उष्णता देतं. बाभळीचं किलो आणि शेवग्याचं किलो यांत फरक उष्णतेचा नाही, आकाराचा. बाभूळ घट्ट अंगाची. तिचे चार तुकडे सावकाश जळतात आणि निखारा धरून बसतात. शेवगा, पांगारा, सावर यांचा तेवढ्याच वजनाचा ढीग होतो आणि भुर्रकन उडून जातो, दहा लोकांची आंघोळ मध्येच टाकून. चिंच जळायला झकास, पण फोडणाऱ्याचा अंत बघते. सुरू वाळला की उत्तम जळतो. सुबाभूळ तर आपल्याकडे चाऱ्यासाठी आणि जळणासाठीच मुद्दाम लावली गेली. उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेनं तिचा मोठा प्रसार केला.

पण जातीपेक्षा महत्त्वाचा आहे ओलावा. नुकत्याच तोडलेल्या लाकडात जवळपास निम्मं वजन पाण्याचं असू शकतं, आणि ते पाणी वाफ होऊन गेल्याशिवाय लाकूड धड पेटत नाही. एक लिटर उकळत्या पाण्याची वाफ करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात अठरा लिटरची बादली तीस अंशांनी तापते. म्हणजे ओलं लाकूड बंबात घालायचं तर पहिली आंघोळ लाकडाची, दुसरी आपली. शिवाय वखारीत लाकूड वजनावर मिळतं, त्यामुळे त्या आंघोळीच्या पाण्याचे पैसेही आपणच दिलेले असतात.

म्हणून जाणता माणूस वैशाखात सरपण घेतो. कोकणात आगोटीच्या बेगमीत मिरची-मिठाच्या बरोबरीनं लाकूडफाटा येतो तो याचसाठी. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघायचे: खणखणीत वाजले तर वाळलेले, बद्द आवाज आला तर अजून झाडच. टोकांना चिरा पडलेल्या हव्यात, साल सुटायला लागलेली हवी. आमच्या गावातला वखारवाला ही परीक्षा चालू असताना तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेतो आणि शेवटी हळूच विचारतो, "कशासाठी हवंय, दादा?" हा प्रश्न तो फार जपून विचारतो. 'आंघोळीसाठी' असं उत्तर मिळालं की त्याचा चेहरा मोकळा होतो आणि तो भाव सांगतो. दुसरं उत्तर मिळालं तर आधी खुर्ची पुढं करतो.

इथवर निवड सरळ असते. ती अवघड होते लाकूड घरी आल्यावर, म्हणजे आधीच घरात असलेलं लाकूडही या निमित्तानं बाहेर निघतं तेव्हा. परसात ढीग पडला की घरातली एकेक व्यक्ती त्याच्याभोवती येऊन उभी राहते, आणि कळतं की सरपण निवडणं म्हणजे काय जाळायचं हे ठरवणं नव्हे. काय जाळायचं नाही हे ठरवणं.

पहिला हक्क आईचा. वड, पिंपळ, उंबर बाजूला. ही लाकडं बंबात जायची नाहीत. मी म्हणतो, "अगं, पिंपळ आणि उंबर होमात चालतात की." ती म्हणते, "होमात चालतात म्हणूनच." नवग्रहांच्या समिधांची यादी तिला पाठ आहे: सूर्याला रुई, चंद्राला पळस, मंगळाला खैर, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला उंबर, शनीला शमी. ग्रहांच्या सरपणाची एवढी बारीक व्यवस्था लावणाऱ्या पूर्वजांनी आंघोळीच्या पाण्याचं मात्र घरच्या बाईवर सोपवलं. बांबूही बाजूला, बांबू घरात जाळत नाहीत. का, ते विचारायचं नाही.

मग बाबा येतात. त्यांना ढिगात बाभळीचं एक सरळ कांडकं दिसतं. "हे राहू दे, कुऱ्हाडीला दांडा होईल." आमच्याकडे कुऱ्हाडीचे इतके दांडे आहेत की तेवढ्या कुऱ्हाडी गावात नसतील. मग बायको जुन्या खिडकीची चौकट उचलते. "सागाची आहे," एवढंच म्हणते. सागाच्या बाबतीत पुढचं वाक्य लागत नाही. वाळवीसुद्धा ज्याच्यापुढं हात टेकते तिथं आमची काय कथा! पाळण्याचा कातीव खूर मुलीनं आधीच खोलीत नेलेला असतो; अर्धी मोडलेली बॅट मुलाला 'कधीतरी' दुरुस्त करायची असते. मीही मागं राहत नाही. मोडक्या आरामखुर्चीचा हात मी शांतपणे काढून घेतो. त्यावर बसून नव्हे, पण त्याच्याकडे बघत मी पुष्कळ वाचन केलं आहे.

शेवटी उरतात प्लायवूडचे तुकडे आणि ऑइलपेंटनं रंगवलेल्या एका कपाटाच्या फळ्या. वास्तविक या ढिगात जाळू नये अशी वस्तू हीच: प्लायवूडमधला डिंक आणि फळीवरचा रंग जळताना विषारी धूर सोडतात. पण ज्या एकाच लाकडाच्या बाजूनं शास्त्र उभं आहे, त्याच्या बाजूनं घरातलं एकही माणूस बोलत नाही. ते मी गुपचूप भंगारवाल्याला देतो. ढीग होता तेवढा परसात परत जातो, वर ताडपत्री पडते, आणि बंब करवंट्यांवर पेटतो. पाणीही उत्तम तापतं. बंबानं याहून जास्त काही कधी मागितलेलंच नसतं.

असं दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आणि संक्रांतीपासून पुढं चालतं. निर्दोष सुटलेली लाकडं परसात मान वर करून बसलेली असतात, आणि दर हंगामाला त्यांत नव्यांची भर पडते. मग फाल्गुन येतो. आळीतली पोरं होळीसाठी रात्री लाकडं पळवत फिरतात. त्यांना सागाचा मान ठाऊक नाही, दांड्यांचं भविष्य दिसत नाही, माझ्या वाचनाशी तर त्यांचं काहीच देणंघेणं नाही. ज्या निवाड्याला आमच्या घरातली सहा माणसं वर्षानुवर्षं कचरतात, तो ती एका रात्रीत देऊन मोकळी होतात. तक्रारही करता येत नाही. होळीत चोरलेल्या लाकडाची फिर्याद कुठलीच पंचायत घेत नाही, आणि बोंब मारावी तर ती आधीच चालू असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रिवाजाप्रमाणे, घरोघरचे हंडे होळीच्या निखाऱ्यांवर चढतात. आमचाही चढतो. बायको निखाऱ्यांकडे नीट बघून घेते, त्यातला एक चौकोनी, लालभडक तुकडा हंड्याखाली सरकवते आणि म्हणते, "बघा, सागाचं म्हणत होते ना मी? किती वेळ टिकलंय."