आरोपी क्रमांक 2 चे आभारपत्र

वकील घडवण्याची जबाबदारी ज्यांच्या शिरावर आहे, त्या समस्त मान्यवरांस,



पत्रास कारण की, फौजदारी वकिलीत येणाऱ्या नव्या पदवीधरांना प्रात्यक्षिक प्रशिक्षण मिळत नाही, अशी ओरड अधूनमधून होत असते. ती साफ खोटी आहे. प्रशिक्षण मिळतं आणि चांगलं कसून मिळतं. ते माझ्यावर झालं. वर त्याची फीही मीच भरली.

मी टेम्पो चालवतो. एका गोदामातून तांब्याच्या तारेची बंडलं गेली आणि त्यात माझं नाव आलं. भारतीय न्याय संहितेचं कलम 305, जास्तीत जास्त सात वर्षं. माझे वकीलसाहेब तरुण, हुशार, कॉलेजात मूट कोर्टची ढाल जिंकलेले. मूट कोर्ट म्हणजे काय, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. तिथे खटल्याची हकीकत आधीच छापून मिळते आणि ती सगळ्यांना मान्य असते. साक्षीदार नाही, पंच नाही, तपासी अमलदार नाही. कुठल्याशा काल्पनिक देशाच्या सर्वोच्च न्यायालयात उभं राहून गोपनीयतेच्या हक्कावर बोलायचं. माझी केस तालुक्याच्या कोर्टात होती, एवढीच काय ती अडचण.

अशा गुन्ह्यात 60 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो. फक्त तो मागावा लागतो, आणि तोही दोषारोपपत्र दाखल व्हायच्या आत. पहिल्या रिमांडचा दिवस मोजायचा की सोडायचा, यावर सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये निकाल दिला: मोजायचा. आमच्या साहेबांनी सोडला. त्यांच्या हिशोबाने 60 वा दिवस होता, म्हणून ते अर्ज टाइप करून घरी गेले. खरा दिवस 61 वा होता. त्याच संध्याकाळी पोलिसांनी दोषारोपपत्र आणून दिलं. पुढचे महिने मी आत काढले. वाचायला वेळ मिळाला म्हणूनच हे पत्र इतकं मुद्देसूद आहे.

पण प्रशिक्षणाचा कळस म्हणजे उलटतपास. गोदामाचा रखवालदार पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, ‘‘टेम्पो हाच चालवत होता.’’ पोलिसांपुढच्या जबाबात यातलं अक्षर नव्हतं. साहेबांनी बरोबर पकडलं. ‘‘हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं?’’ ‘‘सांगितलं होतं.’’ ‘‘मग जबाबात का नाही?’’ ‘‘त्यांनी का नाही लिहिलं ते मी सांगू शकत नाही.’’ साहेब माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो, काहीतरी जिंकल्यासारखं वाटलं.

यानंतर एक काम उरतं. तपासी अमलदार साक्षीला आला की त्याला विचारायचं, रखवालदाराने असं तुम्हाला सांगितलं होतं का? तो ‘नाही’ म्हणाला की मग ती उणीव शाबीत होते. न विचारल्यास जबाबाचा कागद फाइलमध्ये नुसता पडून राहतो, पुरावा होत नाही. अमलदार आला त्या दिवशी साहेबांनी त्याला बंडलांचं वजन, पंचनाम्याची वेळ, पंचांचे पत्ते, सगळं विचारलं. तेवढं राहिलं. निकालपत्रात एक वाक्य आलं की सदर उणीव शाबीत केलेली नाही. दोन वर्षं.

यात साहेबांचा दोष नाही. परीक्षेसाठी त्यांना दोन खटले प्रत्यक्ष पाहून जर्नल लिहायचं होतं, एक दिवाणी, एक फौजदारी. फौजदारी खटला दोन-तीन वर्षं चालतो आणि जर्नल सबमिट करायची तारीख दोन-तीन आठवड्यांवर असते. अशा वेळी मागच्या वर्षीचं जर्नल कामाला येतं. पुढे सनदेनंतरची अखिल भारतीय परीक्षा: शंभर प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. रखवालदाराने पर्याय दिले नव्हते.

सनदेआधी वर्षभर अनुभवी वकिलाच्या हाताखाली काढायचं, असा नियम 1995 मध्ये बार कौन्सिलने केला होता म्हणे. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने कौन्सिलला तसा अधिकारच दिलेला नाही, असं ठरलं. कायद्यात पूर्वी प्रशिक्षणाची तरतूद होती, ती संसदेने 1973 मध्येच काढली होती. 1999 चा तो निकाल घटनापीठाने 2023 मध्ये चुकीचा ठरवला, तेव्हा आता तो अडसरही राहिलेला नाही. तुम्हा मंडळींना इतर कामं असतात, समजू शकतो. डॉक्टरला मात्र अंतिम परीक्षेनंतर वर्षभर इंटर्नशिप केल्याशिवाय स्वतःचा दवाखाना टाकता येत नाही. रोगी नशीबवान.

सिनिअरच्या चेंबरमध्ये शिकता येतं, हे खरं. साहेबही होते सहा महिने. तिथे ते तारखा घ्यायला, हजेरी माफीचे अर्ज द्यायला आणि ‘सर दुसऱ्या कोर्टात आहेत, पासओव्हर द्यावा’ म्हणायला शिकले. ज्युनिअरला शहरात 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावं, अशी शिफारस बार कौन्सिलने 2024 मध्ये केली आहे. शिफारस केली आहे, इतकंच. साहेबांना पेट्रोलचे मिळायचे, म्हणून स्वतःची केस घ्यायची घाई झाली, आणि ती केस मी निघालो.

तरी मी समाधानी आहे. माझ्या खटल्यानंतर साहेब पार बदलले. परवा एका मारामारीच्या केसमध्ये त्यांनी अमलदाराला अशा सात उणिवा एकेक करून कबूल करायला लावल्या. मागच्या बाकावर बसून मी स्वतः ऐकलं. आरोपी सुटला. माझी शिक्षा अपिलापर्यंत स्थगित आहे आणि सत्र न्यायालयात जायला 30 दिवसांची मुदत आहे. अपील त्यांनाच द्यायचं होतं, पण साहेबांची फी आता मला परवडण्यातली राहिलेली नाही. आपल्याकडून नुकतीच सनद घेतलेला एखादा हुशार मुलगा असल्यास कृपया कळवावे.

आपला कृपाभिलाषी,
आरोपी क्रमांक 2